अटकेनंतरची बातमी

गुन्ह्याच्या बातमीचं एकक घटना नसून खटला असायला हवं, आणि ही गोष्ट छोट्या गावाच्या बातमीदाराने मोठ्या शहरातल्या बातमीदारापेक्षा जास्त पाळायला हवी, असं माझं ठाम मत आहे. खून पडला, स्फोट झाला की पहिल्या दिवशी आम्ही सगळेच धावतो. पंचनामा, नातेवाइकांचा आक्रोश, पोलिसांची प्रेसनोट, काही दिवसांत अटक, आणि मग वही मिटते. दोषारोपपत्रात काय आलं, पंच का फिरले, जामीन कोणत्या मुद्द्यावर मिळाला, निकाल काय लागला, हे क्वचितच छापून येतं. त्यामुळे वाचकाच्या लेखी अटक हाच निकाल होतो. मुंबईत एखाद्याला नोकरी आणि पत्ता बदलून जगता येतं. ज्या गावात एकच धंदा आहे आणि तोही अडचणीत आहे, तिथे संशयिताच्या घरच्यांना उद्या काम देणारा, उधारी देणारा आणि सोयरीक जुळवणारा हा सारा आमचाच वाचक असतो.

मालेगावचं उदाहरण मला सर्वांत बोलकं वाटतं. यंत्रमागांवर जगणारं, सुताच्या भावाबरोबर वरखाली होणारं हे गाव. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बारातच्या दिवशी, शुक्रवारच्या नमाजानंतर बडा कब्रस्तान आणि हमीदिया मशिदीच्या परिसरात स्फोट झाले. तीसहून अधिक माणसं गेली. राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने नऊ मुस्लिमांना आरोपी केलं, मोक्का लावला. पुढे तपास सीबीआयकडे आणि २०११ मध्ये एनआयएकडे गेला. त्याच वर्षी आरोपींना जामीन मिळाला. २०१३ मध्ये एनआयएने दुसऱ्याच चौघांविरुद्ध दोषारोपपत्र दाखल केलं. एप्रिल २०१६ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने पहिल्या नऊपैकी हयात असलेल्या आठ जणांना दोषमुक्त केलं. नववा त्याआधीच वारला होता. अटकेपासून दोषमुक्तीपर्यंत जवळजवळ दहा वर्षं गेली.

या दहा वर्षांत तपासून पाहण्यासारखं बरंच होतं. आरोपींपैकी एक जण स्फोटाच्या दिवशी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात नमाज पढवत होता, असं बचाव पक्षाचं म्हणणं होतं. ते खरं की खोटं ठरवायला गुप्त सूत्रं लागत नाहीत. त्या गावात जाऊन माणसांशी बोलावं लागतं. आमच्या बातम्यांत ‘आरोपींनी गुन्ह्याची कबुली दिली’ हे वाक्य रोज असतं. पण पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. मोक्कामध्ये पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरची कबुली ग्राह्य धरली जाते, आणि म्हणूनच अशा खटल्यात बातमीदाराने अधिक सावध असावं. मालेगावच्या आरोपींनी नंतर आपल्या कबुल्या नाकारल्या होत्या. न्यायालय ज्यावर सहसा विसंबत नाही ते विधान आम्ही कसलीही पुस्ती न जोडता मथळ्यात टाकतो, हे धंद्याच्या शिस्तीत बसत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो पीडितांच्या बाजूने: पोलिसांवर शंका घेतली की मेलेल्यांचा न्याय लांबतो. मला उलट दिसतं. चुकीचा माणूस कोठडीत असतो तितके दिवस खऱ्या गुन्हेगाराचा शोध थांबलेला असतो, आणि स्फोटात मूल गमावलेल्या आईला शेवटी उत्तर मिळतच नाही. दुसरा आक्षेप गावातलेच लोक घेतात: गुन्ह्याबद्दल इतकं लिहून गावाची बदनामी कशाला? पण बदनामी अर्धवट बातमीने होते. स्फोट आणि अटक देशभर पोचते, दोषमुक्ती आतल्या पानावर राहते, आणि बाहेरच्या व्यापाऱ्याला तेवढा पहिला अर्धा भाग लक्षात राहतो. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. तालुक्याच्या बातमीदाराला मानधन तुटपुंजं, वर जाहिराती आणायची अपेक्षा, आणि ज्यांच्याविरुद्ध लिहायचं ते लोक त्याच रस्त्याने रोज जाणारे. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी राजापुरात पत्रकार शशिकांत वारिशे यांना गाडीने चिरडलं, आणि ज्याच्याविरुद्धची त्यांची बातमी छापून आली होती त्याच्यावरच खुनाचा गुन्हा नोंदला गेला. पत्रकारांवरच्या हल्ल्याविरुद्ध राज्यात २०१७ चा कायदा आहे; तरी हे घडलं.

म्हणून मी कुणाकडून शौर्य मागत नाही, चिकाटी मागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशामुळे संवेदनशील प्रकरणं वगळता एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर मिळतो, ई-कोर्ट्सवर पुढची तारीख दिसते, आणि सत्र न्यायालयात बसून साक्ष ऐकायला खुल्या खटल्यात कुणाची परवानगी लागत नाही. ज्या मजकुराला कागदाचा आधार आहे त्यावर धमकावणाऱ्यालाही आधी कागदच खोडावा लागतो. मोठा खटला मुंबईला गेला तर संपादकाने बातमीदाराला तिथे पाठवण्याचा खर्च करावा. तोही अटकेच्या दिवशीच्या छायाचित्रांवर होणाऱ्या खर्चाइतकाच रास्त आहे. अटकेची बातमी ज्या पानावर, जेवढ्या जागेत छापली, तेवढीच जागा निकालाला देणं हे वर्तमानपत्राचं त्या गावाला असलेलं देणं आहे. ते चुकतं केल्याशिवाय गुन्ह्याची बातमी पूर्ण झाली असं म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही.