जिन्याखालची जागा

स्वस्त वस्तू आणि सज्जन माणूस यांची गाठ पडू नये. पडलीच तर ती रविवारी सकाळी जुन्या बाजारात पडू नये, आणि त्या वेळी त्या सज्जन माणसाच्या खिशात नुकतीच काढलेली पेन्शन तर मुळीच असू नये.

वास्तविक मी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गेलो होतो तो एका पितळी कडीसाठी. आमच्या देवघराच्या दाराची कडी तुटून महिना झाला होता, आणि देव रात्री उघड्यावर झोपतात ही गोष्ट आमच्या सौभाग्यवती मला दिवसातून दोनदा ऐकवत होत्या. बाजारात कडी सोडून सगळं होतं. बिनकाट्यांची घड्याळं होती, एकाच पायाचे बूट होते, कुणाच्या तरी आजोबांचा फेट्यातला फोटो फ्रेमसकट विकायला होता. (आजोबांकडे बघून वाटत होतं, त्यांनाही ही घासाघीस पसंत नसावी.) आणि या सगळ्याच्या मागे, एका फुटक्या कमोडला टेकून, एक सायकल उभी होती.

काळी. गंजलेली. टायर नावाची वस्तू चाकांना फक्त सवयीने चिकटून राहिलेली. पण हँडलखाली, नळीवर, एक पत्र्याचा बिल्ला होता. मी रुमालाने तो पुसला आणि आतून बगळ्याचं डोकं वर आलं. खाली अक्षरं: रॅले, नॉटिंगहॅम, इंग्लंड.

आता सत्तरी ओलांडलेल्या पुणेकराला रॅलेचा बगळा म्हणजे काय, ते आजच्या मुलांना सांगून कळायचं नाही. त्या काळी सायकली पुष्कळ होत्या. पुणं हे सायकलींचंच गाव होतं. खडकीच्या कारखान्याचा भोंगा झाला की वाकडेवाडीच्या रस्त्यावर सायकलींचा असा लोंढा सुटे की पायी माणसाने रस्ता ओलांडण्यापेक्षा पलीकडच्या बाजूला नवी नोकरीच धरावी. पण त्या लोंढ्यातसुद्धा रॅलेवाला वेगळा ओळखू येई. तो जरा ताठ बसे. माझे वडील, म्हणजे आमचे दादा, ताठ बसत.

"केवढ्याला?" मी शक्य तितक्या उदास आवाजात विचारलं.

"साहेब, अस्सल विलायती आहे. राणीच्या टायमाची."

"कोणत्या राणीच्या?"

"तुम्ही म्हणाल त्या."

तीन हजार म्हणाला. मी दीड म्हणालो आणि शास्त्राप्रमाणे चालू लागलो. दहा पावलांच्या आत तो हाक मारील असा माझा हिशेब होता. त्याने मारली नाही. अकराव्या पावलाला मीच परत फिरलो. बावीसशेला सौदा झाला. सायकल बसून नेण्यासारखी नव्हतीच, ढकलून नेण्यासारखीही नव्हती, म्हणून टेम्पोचे पाचशे. सायकलने माणसाला न्यायचं असतं की माणसाने सायकलला, हा प्रश्न मला त्याच वेळी पडायला हवा होता.

घरी आल्यावर सौ.ने सायकलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, "ही देवघराला बसेल?"

आमच्या इमारतीच्या जिन्याखाली एक त्रिकोणी जागा आहे. तिथे पाण्याच्या पंपाची एक जुनी मोटर आणि गेल्या निवडणुकीतला एक फलक असे दोघे गुण्यागोविंदाने राहत होते. सोसायटीच्या सेक्रेटरींना लेखी अर्ज देऊन मी सायकलीला तिथे आश्रय मिळवून दिला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाना घेऊन खाली उतरलो.

सायकल खोलणं अगदी सोपं असतं. कुणीही खोलू शकतो. मधला एक्सल काढला तेव्हा आतून छर्रे बाहेर पडले आणि पार्किंगभर पसरले. एका बाजूला अकरा, दुसऱ्या बाजूला अकरा, असे पाव इंची बावीस छर्रे असतात. मला सव्वीस सापडले. हे चार जास्तीचे छर्रे कोणाचे, याचा उलगडा आजपर्यंत झालेला नाही. मात्र शेजाऱ्यांच्या गाडीजवळ गेलो की मी हल्ली जरा मान खाली घालून जातो.

पण छर्ऱ्यांच्या आधी कॉटर. पेडलचा दांडा एक्सलला ज्या तिरप्या खिळ्याने जखडलेला असतो तो कॉटर. साठ वर्षं एका जागी बसलेला कॉटर म्हणजे वाड्यातला जुना भाडेकरू. तो हात जोडून निघत नाही. दांड्याखाली भक्कम टेका द्यायचा आणि एकच सणसणीत घाव घालायचा, अशी रीत आहे. भक्कम टेका म्हणून घरात एकच वस्तू होती: सौ.चा माहेरून आलेला पाटा. घाव सणसणीत बसला. कॉटर वाकला, पाट्याचे दोन झाले, आणि वरच्या मजल्यावरून विचारणा झाली की भूकंप आहे का.

खरा छळ पुढेच होता. एक्सलचा कप झिजला होता. नवा कप आणायला म्हणून मी दुकानात गेलो, कप आणला, फिरवून बसवायला लागलो, तर दीड आट्यावर अडला. दुसरा आणला, तोही दीड आट्यावर. चार दुकानं हिंडल्यावर एका म्हाताऱ्या दुकानदाराने रहस्य फोडलं. इतर इंग्लिश सायकलींना तिथे इंचाला चोवीस आटे, रॅलेला सव्वीस. का? रॅले म्हणून. साहेबाने अर्ध्या जगावर उगाच नाही राज्य केलं. गिऱ्हाईक एकदा घेतलं की त्याने सुट्या भागासाठीसुद्धा आपल्याच दारात यायला हवं, ही दूरदृष्टी. आता साहेब गेला, कपही गेले, आणि सव्वीस आट्यांचं भोक तेवढं माझ्या वाट्याला आलं.

त्याच म्हाताऱ्या दुकानदाराने मला रास्ता पेठेतल्या चाचांचा पत्ता दिला. चाचा एका बोळाच्या तोंडाशी, पत्र्याच्या टपरीत बसतात. वय ऐंशीच्या आसपास. सायकल त्यांनी वरपासून खालपर्यंत नुसती पाहिली. मग मागच्या चाकाचा जाडजूड हब चिंधीने पुसला आणि माझा हात धरून बोट त्यावर ठेवलं. "वाचा साब." बारीक अक्षरं ठोकलेली होती: स्टर्मी-आर्चर, आणि पुढे अठ्ठावन्न. म्हणजे हब १९५८ सालचा. राणीचा प्रश्न सुटला. दुसरी एलिझाबेथ.

हा हब म्हणजे तीन गिअरचा. १९०२ पासून ही कंपनी असले हब करत आली. बाहेरून काही दिसत नाही. सगळा संसार पोटात. मध्ये एक दातेरी चाक एक्सलला घट्ट, त्याच्याभोवती चार लहान चाकं फिरणारी, आणि त्या सगळ्यांना वेढणारं एक दातेरी कडं. इंग्रजीत त्या मधल्याला सूर्य म्हणतात आणि भोवतालच्यांना ग्रह. पहिल्या गिअरात साखळीच्या चक्राचे चार फेरे झाले की चाकाचे तीन होतात, म्हणून चढावर पाय हलके. दुसऱ्यात बरोबरीचा व्यवहार. तिसऱ्यात तीन फेऱ्यांना चाकाचे चार. आमच्या पत्रिकेतल्या नवग्रहांनी मला इतका नफा कधी दिलेला नाही.

"पण साब, यात ग्रीस कुणी भरला?" चाचांनी विचारलं.

मी अभिमानाने सांगितलं की मीच, पाव किलो.

चाचा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "याला पातळ तेल लागतं. चमचाभर. हे बघा, तेल घालायला एवढंसं झाकण दिलंय कंपनीने. आत केसासारख्या तारेच्या स्प्रिंगा आहेत, त्यावर खिट्ट्या उडतात. ग्रीस भरला की खिट्ट्या झोपतात. रॉकेलने धुवावं लागेल सगळं. ज्याने ग्रीस भरला त्याला पहिले."

रॉकेल मिळायची आता मारामार, म्हणून डिझेलने धुतलं. हबला. मला त्यांनी सोडून दिलं. एका भंगारातल्या सांगाड्यातून सव्वीस आट्यांचा कपही त्यांनीच काढून दिला. रंग मात्र देऊ नका म्हणाले. "रंग दिला की नवी दिसेल. नवी कशाला पाहिजे? नवी दुकानात आहे."

पाच आठवडे मी बोळाच्या तोंडाशी एका उलट्या डब्यावर बसून होतो. घरी रोज विचारणा होई, "झाली का तुमची राणी?" एकदा मात्र सौ.ने सरळ विचारलं, "अहो, पण कशाला आणलीत? तुम्हाला तर गुडघ्यामुळे कमोडवर बसतानासुद्धा धरावं लागतं."

मी म्हटलं, "स्वस्त मिळाली."

ती काही बोलली नाही. तिला माहीत होतं, कारण १९८४ साली ती तिथेच होती.

दादांची रॅले माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी धाकटी. नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात, जिन्याखाली तिची जागा होती. रविवारी सकाळी दादा धोतराचा काचा मारून तिची एकेक तार पुसायचे. आम्हा भावंडांना इतक्या काळजीने कुणी पुसल्याचं आठवत नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. लोक हाताला लागेल ते घेऊन पर्वतीकडे धावत होते. कुणी बंब, कुणी पेटी, एकाच्या डोक्यावर तर नुसतं रिकामं पिंप होतं. दादांनी सायकल काढली. कॅरिअरवर मला बसवलं, हँडलला तांदळाची पिशवी आणि देव अडकवले, आणि आई मागे, असे आम्ही निघालो. वाड्याची मागची भिंत गेली, जिना राहिला. चार दिवसांनी सायकल परत जिन्याखाली.

मग १९८४ साली माझ्या स्कूटरचा नंबर लागला. नऊ वर्षं वाट पाहिली होती. त्या मानाने लग्न फार लवकर जमलं. स्कूटर आली आणि ठेवायची कुठे हा प्रश्न आला. वाड्यात जागा एकच. मी म्हटलं, "दादा, सायकल देऊन टाकू या का आता? तुम्हाला कुठे जायचं असलं तर मी सोडीन स्कूटरवरून."

दादा म्हणाले, "बरं."

नव्वद रुपये आले. मी ते दादांच्या हातात दिले. त्यांनी मोजले नाहीत. स्कूटरवर मात्र ते माझ्या मागे एकदाच बसले, डॉक्टरकडे जाताना. एरवी चालत जायचे. चालणं प्रकृतीला चांगलं, असं मी लोकांना सांगत असे.

चाचांनी सायकल माझ्या हवाली केली त्या दिवशी मी ती संध्याकाळी, अंधार पडल्यावर, म्हणजे कुणी बघणार नाही अशा बेताने बाहेर काढली. अर्थात सगळी इमारत गॅलरीत होती. दांडीवरून पाय पलीकडे टाकायला दोन प्रयत्न लागले. तिसऱ्यात वॉचमनने मदत केली. दुसऱ्या गिअरात गाडी लोण्यासारखी चालली. मागून तो बारीक टिकटिक आवाज, जो मी चाळीस वर्षांत ऐकला नव्हता. मी ताठ बसलो. आणि उत्साहाच्या भरात तिसरा टाकला.

या हबची एक खोड आहे. वायर बेताची ताणलेली नसेल तर दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये एक निर्मनुष्य प्रदेश लागतो. तिथे पेडल मारलं तर ते कुणालाच लागत नाही. पाय एकदम हवेत फिरतात आणि माणूस सीटवरून थेट दांडीवर येतो. मी आलो. तपशिलात जात नाही. वरच्या गॅलरीतून कुणीतरी "अरे अरे" म्हणालं, तो पुरुष होता एवढंच सांगतो.

रात्री शेक घेत पडलो होतो तेव्हा सौ. हिशेबाची वही घेऊन बसली. सायकल बावीसशे, टेम्पो पाचशे, टायर-ट्यूब अकराशे, कप आणि एक्सल साडेसहाशे, तारा आणि मजुरी चौदाशे, हँडलला निकल अठराशे, सीट नऊशे, पाटा सहाशे. "आणि कडी चाळीस," ती म्हणाली. "ती मी कोपऱ्यावरून आणली. एकूण नऊ हजार एकशे नव्वद."

वही मिटून तिने दिवा मालवला. बऱ्याच वेळाने अंधारात म्हणाली, "ती नव्वदची सायकल तीन आठवडे त्या दुकानाबाहेर उभी होती. तुम्हाला माहीत नसेल. मामंजी रोज मंडईला जाताना त्या बाजूने जायचे. वाट वाकडी करून. मी एकदा बरोबर होते. नुसते उभे राहून बघायचे. एकदा दुकानदाराला म्हणाले, अहो, मागच्या चाकात हवा कमी आहे. मग एक दिवस नेहमीच्या वाटेने गेले, तेव्हा मी समजले, विकली गेली."

"मग तू मला सांगितलं का नाहीस?"

"मामंजींनी सांगू नको म्हटलं होतं. तुम्ही नव्या स्कूटरवर होतात."

मी कूस बदलली. शेकाची पिशवी थंड झाली होती.

चाचांनी वायर नीट बसवून दिली. दुसऱ्या गिअरात असताना, नटाच्या खिडकीतून पाहिलं तर आतली दांडी एक्सलच्या टोकाशी बरोबर यायला हवी. तेवढंच बघायचं असतं. आता मी सकाळी सहाला कर्वे पुतळ्यापर्यंत जाऊन येतो, पहिल्या गिअरात, उतारावरसुद्धा. रविवारी तारा पुसतो.

गेल्या महिन्यात आमच्या चिरंजीवांनी विजेवरची स्कूटर घेतली. तिला चार्ज करायला बटण लागतं आणि ते बटण नेमकं जिन्याखाली, पंपाच्या मोटरसाठी बसवलेलं. रविवारी नाश्त्याला तो म्हणाला, "बाबा, ती सायकल कुणाला तरी देऊन टाकू या का? तुम्हाला कुठे जायचं असलं तर मी सोडीन की."

मी पोह्यातली मिरची बाजूला काढली आणि म्हणालो, "बरं."

सौ. स्वयंपाकघरात मटार सोलत होती. तिथूनच म्हणाली, "काही बरं नाही. बटण बाहेर घे."