पाणी

लोहार विळ्याला पाणी देतो आणि आपण माणसाचे पाणी जोखतो. मराठीच्या तासाला हा शब्द आला, की मी मुलांना सरळ आबांच्या भट्टीवर नेतो. आबा तापलेल्या कोयत्याची नुसती धार पाण्यात बुडवतात, दगडाने घासून लखलखीत करतात आणि पाठीतली उष्णता धारेकडे उतरताना रंग पाहत बसतात. गवतासारखा पिवळा रंग आला, की सगळा कोयता पाण्यात! निळा होऊ दिला, तर धार मऊ पडते.

त्यांचा मुलगा माझा विद्यार्थी. भोसरीच्या एका कारखान्यात तो लेसरने पोलाद कठीण करतो. आबांनी आता भट्टी विझवून आपल्याकडे यावे, हा त्याचा हट्ट. गेल्या वर्षी त्याने आम्हा दोघांना कारखाना पाहायला बोलावले, ते त्यासाठीच.

काचेआड एक दातेरी चाक फिरत होते. किरण दिसत नव्हता. दात्यावरून लालभडक ठिपका तेवढा सरकत होता. आबांनी चहूकडे पाहिले.

"पाणी कुठं ठेवलंय रं?"

"लागत नाही, आबा."

पोलादाची कातडी क्षणात ९०० अंशांपलीकडे तापते, आणि किरण पुढे सरकताच आतले थंड पोलाद ती उष्णता ओढून घेते. म्हणजे पोलाद आपले पाणी आपणच पिते! कठीण होतो तो जेमतेम एक मिलिमीटरचा थर. गाभा चिवट राहतो, म्हणून दाता धक्क्याने मोडत नाही.

पूर्वी या कामाला कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर असे. तो १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत घडवला कुमार पटेल यांनी. जन्म बारामतीचा, शिक्षण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले. (माझी छाती उगीचच फुगली.) पण त्याची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन, चकचकीत पोलाद असला प्रकाश बहुतेक परतवून लावते. म्हणून आधी काळा लेप द्यावा लागे. आताच्या डायोड लेसरची तरंगलांबी एक मायक्रॉनच्या आसपास. तो पोलादात जास्त मुरतो, लेप लागत नाही.

आबा गप्पच होते. रंग ओळखण्याचे त्यांचे काम इथे एक उपकरण करीत होते.

तेवढ्यात मुलगा वैतागून म्हणाला, की नव्या मालातले काही दाते कठीणच होत नाहीत. सकाळपासून लेसर तपासतो आहे. आबांनी त्यातला एक तुकडा उचलला आणि कोपऱ्यातल्या ग्राइंडरला लावला. लांब, सरळ ठिणग्या उडाल्या. मग चांगल्या मालातला लावला. ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटल्या.

"ह्यो पानी घ्यायचा न्हाई. कस न्हाई त्यात."

कस म्हणजे कार्बन. तपासणीत तेच निघाले. पुरवठादाराने भलतेच पोलाद पाठवले होते.

निघताना आबांनी तो तुकडा मागून घेतला. कोयंड्याला चालेल म्हणाले, आणि गावाकडची शेवटची एसटी किती वाजता आहे ते मला विचारले.