घोड्यांसह मुक्कामाला

अमेरिकेला जाऊन आलेल्या माणसाने नायगाराच्या धबधब्याविषयी लिहावे, न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारतींविषयी लिहावे आणि शेवटी तिथल्या रस्त्यांची तारीफ करावी, असा एक अलिखित संकेत आपल्याकडे रूढ आहे. हे सारे मीही पाहिले आणि ते पाहण्यासारखे आहेच. परंतु २०१९ च्या शरद ऋतूत जी अमेरिका माझ्या वाट्याला आली, तिला वाळल्या गवताचा, ओल्या चामड्याचा आणि थोडासा लिदीचाही वास होता.

माझी भाची आणि तिचे यजमान ओहायो राज्यात, क्लीव्हलंड शहराच्या दक्षिणेस एका खेड्यात राहतात. त्यांच्या दारी दोन जनावरे आहेत. एक ‘ड्यूक’ नावाचा धिप्पाड, खस्सी केलेला घोडा आणि दुसरी त्या वेळी एकोणीस वर्षांची असलेली तांबूस घोडी. तिचे कागदोपत्री नाव भारदस्त इंग्रजी असले, तरी भाची तिला ‘चिमणी’ म्हणते. दरवर्षी पानगळीच्या सुमारास हे चौघे पंधरा दिवस डोंगरांत भटकायला निघतात. त्या वर्षी पाचवी मी होते. घोड्यावर बसण्याचे माझे वय नव्हते. तळावर राहून राखण करावी, स्वयंपाक करावा आणि डोळे भरून पाहावे, एवढेच माझे काम.

माणसाला त्या देशात रात्र काढायला जागेची वाण नाही. महामार्गाच्या प्रत्येक फाट्यावर मोटेल आहे, तंबू ठोकायला सरकारी व खासगी मैदाने आहेत. मात्र मागे घोडे असले की हे सगळे दरवाजे एकाएकी बंद होतात. बहुतेक तंबूमैदानांत घोड्याला प्रवेशच नसतो, आणि ज्यांत असतो तिथेही गाडी शिरेल की नाही हा प्रश्न उरतोच. पुढे दणकट पिकअप आणि मागे घोड्यांचा ट्रेलर, अशी ती जोडी चाळीस-पन्नास फूट लांब भरते. झाडांमधल्या अरुंद वाटेवर ती मागे घेणे म्हणजे लग्नाच्या गर्दीतून हत्ती उलटा चालवण्यासारखे आहे. म्हणून जाणते लोक चौकशी करताना पहिला प्रश्न विचारतात तो हा, की एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने सरळ बाहेर पडता येते का? दुसरा प्रश्न पाण्याचा, तिसरा घोडा बांधायचा कशाला याचा. माणसांच्या न्हाणीघराचा प्रश्न पाचवा की सहावा. भाची निघण्याआधी तीन महिने रोज संध्याकाळी असे दूरध्वनी करीत असे. “मावशी, मुलाला स्थळ बघतानासुद्धा आपल्याकडे इतकी चौकशी करत नाहीत,” असे ती एकदा हसत म्हणाली.

ही चौकशी चोचल्यांपायी नव्हे. घोडा दिवसाला सुमारे वीस ते चाळीस लिटर पाणी पितो आणि आठ-दहा किलो गवत खातो. ट्रेलरमध्ये तो स्वस्थ उभा आहे असे आपल्याला वाटते. वस्तुतः प्रत्येक वळणावर आणि प्रत्येक गतिरोधावर चारही पायांनी तोल सावरण्याचे कष्ट त्याला सतत पडत असतात. डोके वर बांधलेले असल्यामुळे त्याला मान खाली घालून नाक-घसा मोकळा करता येत नाही. मग गवताचा धुरळा आणि त्यातले जंतू छातीत उतरून फुप्फुसाचा ज्वर येऊ शकतो. म्हणून साधारण चार तासांनी थांबावे, खिडक्या उघडाव्यात, पाणी दाखवावे, असा दंडक आहे. त्यातही हमरस्त्याच्या कडेला जनावर बाहेर काढू नये; सुटले तर अनर्थ. यासाठीच रात्रीची जागा आधी पक्की असावी लागते. दमलेला माणूस गाडीतच डुलकी काढील, पण दमलेल्या घोड्याला पाय मोकळे करायला जमीन हवी.

शिवाय कागदपत्रे. तिकडे घोड्याला राज्याची सीमा ओलांडायची तर साळोत्र्याचा ताजा आरोग्यदाखला आणि ‘कॉगिन्स’ चाचणीचा निर्वाळा जवळ असावा लागतो. घोड्यांना एक संसर्गजन्य रक्तक्षयाचा रोग होतो. चावऱ्या गोमाशांमार्फत तो एकाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जातो. त्यावर औषध नाही आणि तिकडे लसही नाही. ज्याच्या रक्तात तो सापडला, त्याला एक तर मारावे लागते किंवा आयुष्यभर इतरांपासून दूर ठेवावे लागते. लिरॉय कॉगिन्स या पशुवैद्यक संशोधकाने १९७० च्या सुमारास कॉर्नेल विद्यापीठात ही चाचणी शोधली. तळाच्या फाटकावर पहारेकरी पहिल्याने हा कागद मागतो. माझा पासपोर्ट मी हौसेने पुढे केला, तेव्हा त्याने तो न पाहताच परत दिला. चिमणीचा कागद मात्र फोटोतील कपाळावरचा पांढरा टिळा प्रत्यक्षाशी ताडून वाचला.

पहिल्याच रात्री आमच्यावर प्रसंग गुदरला. निघायला अकरा वाजले होते, त्यामुळे ओहायो नदी ओलांडण्याआधीच एका खासगी तळावर उतरायचे ठरले होते. त्याच्या पत्रकात ‘घोड्यांचे स्वागत’ असे ठळक छापले होते. तिथे पोचल्यावर कळले, की स्वागत दिवसापुरते आहे. फेरफटका मारा आणि दिवेलागणीपूर्वी जनावरे घेऊन परत जा! मालकिणीने पैसे परत केले, पण जागा दिली नाही. इकडे चिमणीने दुपारपासून पाण्याला तोंड लावले नव्हते. घरून आणलेल्या पाण्याच्या दोन डब्यांपैकी एकाचे झाकण सैल राहून तो वाटेतच रिता झाला होता आणि दुसरा ड्यूकने संपवला होता. परगावच्या नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो. ड्यूक गटागटा पितो, ही मानी घोडी हुंगून मान फिरवते. म्हातारे जनावर दिवसभर कोरडे गवत खाऊन पाणी न पिता राहिले, तर आतड्यात गोळा अडकून पोटशूळ उठतो, आणि पोटशुळाने घोडा एका रात्रीत दगावू शकतो. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. भाचीच्या चेहऱ्यावरून एवढे समजले, की विषय गंभीर आहे.

तिकडे जवळपास प्रत्येक जिल्ह्याला एक जत्रेचे मैदान असते. वर्षातून एकदा तिथे गुराढोरांचे आणि शेतमालाचे प्रदर्शन भरते. एरवी तिथले तबेले रिकामे असतात आणि पुष्कळ ठिकाणी ते रात्रीपुरते भाड्याने मिळतात. यजमानांनी तीन ठिकाणी दूरध्वनी केले. तिसऱ्या ठिकाणी एका वृद्ध राखणदाराने उचलला आणि “या, दिवा लावून ठेवतो,” असे म्हटले. आम्ही रात्री नवाच्या सुमारास पोचलो. भाचीने चिमणीच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली, ती सावकाश बसली. हिरड्या पाहिल्या, मग कुशीला कान लावून बराच वेळ ऐकले. पोटात गुरगुर होती, म्हणजे अजून धोका नव्हता. बादलीत सफरचंदाचा रस मिसळून दिला, गवत पाण्यात बुचकळून टाकले. घोडीने नाक बुडवले, वर केले, आमच्याकडे पाहिले. साडेदहाला ती प्यायली. तो घोट तिच्या गळ्यातून खाली उतरताना मी विजेरीच्या उजेडात पाहिला आणि मला एकाएकी भूक लागल्याची जाणीव झाली.

दुसऱ्या दिवशी केंटकीत मॅमथ केव्ह राष्ट्रीय उद्यानात पोचलो. जगातील सर्वांत लांब ज्ञात गुहा इथे आहे. तिचे सहाशे ऐंशी किलोमीटरांहून अधिक मार्ग आजवर मोजले गेले आहेत. प्रवाशांची गर्दी ग्रीन नदीच्या दक्षिणेला, गुहेपाशी. घोडेवाले मात्र नदीच्या उत्तरेस, मेपल स्प्रिंग्ज नावाच्या तळावर उतरतात. तिथे झाडी दाट आणि आवाज फक्त पाखरांचा. मी गुहा पाहून आले; त्या दोघांना तिचे काही विशेष नव्हते.

घोडा बांधण्याची तिकडची रीत मला फार आवडली. झाडाला घोडा थेट बांधणे हा तिथे गुन्ह्यासारखा मानतात. घोडा साल कुरतडतो आणि खुराने माती उकरून मुळे उघडी पाडतो. दोन रात्रींत जोमदार झाडाची वाट लागते. म्हणून दोन झाडांना रुंद पट्टे गुंडाळून त्यांच्यामध्ये सात फूट उंचीवर एक दोर ताणतात आणि त्या उंच दावणीला घोडे बांधतात. घोड्याला दोन पावले इकडेतिकडे करता येतात, तोंड गवतापर्यंत पोचते, पाय मात्र दोरात अडकत नाही. आपल्या मराठी फौजांची तऱ्हा निराळी होती. पुढे मेखांना अगाडी, मागच्या पायांना पिछाडी, असा घोडा उघड्या माळावर बांधीत, कारण तिथे झाड असेलच असा भरवसा नव्हता. आमच्या इंदुरात ‘पागनीसपागा’ नावाची वस्ती आहे. त्या नावातली पागा कुठे गेली हे आता तिथल्या रिक्षावाल्याला विचारण्यात अर्थ नाही. परंतु चंदी, तोबरा, खरारा, मोतद्दार हे आमच्या आजीच्या बोलण्यातले शब्द मला त्या परक्या रानात एकामागून एक आठवू लागले आणि मी ते भाचीला सांगत सुटले. चिपळूणकडील छावणीला शिवछत्रपतींनी धाडलेले पत्र शाळेत बहुतेकांनी वाचलेले असते. साठवलेली वैरण आताच उधळली तर पावसाळ्यात घोडी मरतील, आणि पेटती वात उंदराने नेली तर गवताला आग लागेल, अशी बारीकसारीक काळजी त्यात आहे. यजमानांना त्याचा मथितार्थ सांगितला, तेव्हा ते काही न बोलता उठले आणि शेकोटीजवळचे दोन गठ्ठे उचलून ट्रेलरमागे ठेवून आले.

गवताची चिंता पश्चिमेकडच्या राज्यांत आणखी निराळी असते. तिथल्या अनेक राष्ट्रीय अरण्यांत तणाच्या बियांपासून मुक्त असल्याचा दाखला असलेलेच गवत न्यावे लागते. नाहीतर लिदीतून परके तण रानात रुजते. म्हणून काही लोक निघण्याच्या तीन-चार दिवस आधीपासून घरीच तसे गवत घालू लागतात.

पुढला टप्पा टेनेसी-केंटकीच्या सीमेवरील बिग साउथ फोर्क. एके काळी इथे कोळशाच्या खाणी आणि लाकूडतोड चाले; १९७४ मध्ये हा प्रदेश संरक्षित ठरवण्यात आला. माझ्या मते घोडेवाल्यांसाठी आमच्या प्रवासातले सर्वांत सोयीचे ठिकाण हेच. बँडी क्रीक येथे तंबूमैदानाला लागूनच तबेला आहे. स्टेशन कॅम्प आणि बेअर क्रीक हे तर खास घोडेवाल्यांचेच तळ. दरीच्या तळाशी चॅरिट क्रीक नावाची लाकडी धर्मशाळा आहे. तिथपर्यंत मोटार जात नाही, माणूस पायी किंवा घोड्यावरून जातो. चिमणी जाऊन आली, मी नाही.

शेवटी नॉक्सव्हिलमार्गे ग्रेट स्मोकी पर्वतांत उतरलो. या राष्ट्रीय उद्यानात गाडीने पोचता येतील असे पाच घोडेतळ आहेत. आमचा होता कॅटालूचीचा. रस्ता अरुंद, नागमोडी आणि काही अंतर खडीचा. समोरून मोटार आली, की एकाने थांबावे लागते. यजमान तासभर एक शब्द बोलले नाहीत. दरीत उतरल्यावर मात्र सारे विसरायला झाले. उद्यानासाठी गावकरी उठून गेले. त्यांची घरे, शाळा आणि प्रार्थनामंदिर तेवढे मागे राहिले आहे. तिन्हीसांजेला कुरणात एल्क जातीची मोठी हरणे येतात. शंभराहून अधिक वर्षे ती या भागातून नाहीशी झाली होती. २००१ मध्ये पुन्हा आणून सोडली. ऑक्टोबरात नर साद घालतो. एवढ्या थोरल्या जनावराच्या कंठातून बासरीसारखी बारीक शीळ निघते. चिमणीने कान टवकारले आणि अंधार पडेपर्यंत ती त्या दिशेलाच तोंड करून उभी राहिली. तिथे वीज नाही, आंघोळीची सोय तर त्या साऱ्या उद्यानाच्या तंबूमैदानांत कुठेच नाही. मी तांब्याने गरम पाणी घेतले. इंदूरच्या नळाला पाणी नसते तेव्हाची सवय कामी आली.

तळ सोडताना लीद गोळा करायची, खुरांनी पडलेले खड्डे बुजवायचे आणि सांडलेले गवत झाडून घ्यायचे, हा तिकडचा शिरस्ता. भाची या कामी अर्धा तास देत असे आणि मला त्यात हात लावू देत नसे. एका तळाने अस्वच्छतेची तक्रार केली की पुढच्या वर्षी तिथे घोड्यांना बंदी येते, आणि एकदा बंद झालेली वाट पुन्हा उघडायला वर्षे जातात. याच भीतीपोटी १९७३ मध्ये मॉन्टाना राज्यात काही घोडेस्वारांनी ‘बॅक कंट्री हॉर्समेन’ ही संघटना उभारली. आज तिच्या शाखा अनेक राज्यांत आहेत. हे लोक सुटीच्या दिवशी आपल्या घोड्या-खेचरांवर करवती, फावडी लादून रानात जातात आणि पडलेली झाडे तोडून वाटा मोकळ्या करतात.

कुणा वाचकांची मुलेबाळे तिकडे असतील आणि त्यांना अशी हौस असेल, तर एक सूचना. सप्टेंबर २०२४ मधील हेलीन वादळाच्या पुराने पिजन नदीच्या खिंडीतील महामार्गाचा काही भाग नदीत कोसळला आणि कॅटालूचीची दरीही पुष्कळ काळ बंद राहिली. तिकडे जायचे तर उद्यानाच्या कचेरीत आधी विचारावे, आणि जागा अगोदरच राखून ठेवावी. आयत्या वेळी पोचून ती मिळत नाही. घरचे पाणी दोनाऐवजी तीन डबे घ्यावे.