थियारॉयचा तास

४ ऑगस्ट
एम.ए.च्या वर्गात आज सेनेगली दिग्दर्शक उस्मान सेम्बेनचा 'ब्लॅक गर्ल' (१९६६) दाखवला. पाठ्यपुस्तकात १९६० साल उजाडतं, सेनेगल स्वतंत्र होतो आणि प्रकरण संपतं. इथे गोष्ट त्यापुढची आहे. मुलं सांभाळायला म्हणून डाकारहून अँतीबला गेलेली जुआना तिथे स्वयंपाक आणि फरशी यांतच अडकते. ती फारसं बोलत नाही. तिच्या मनातलं तेवढं आपल्याला ऐकू येतं. "मॅडम, देश तर स्वतंत्र झाला होता, मग ही तिकडे का गेली?" एका मुलीनं विचारलं. पुढचा सगळा तास त्या एका प्रश्नावर गेला, आणि तो जायलाच हवा होता.

६ ऑगस्ट
१९३४ चा लाव्हाल हुकूम शिकवला: फ्रेंच वसाहतींत चित्रीकरणाला सरकारी परवानगी सक्तीची. म्हणून आफ्रिकी दिग्दर्शक पॉलां व्हिएरा आणि त्याच्या मित्रांनी १९५५ मध्ये आपला लघुपट पॅरिसमध्येच काढला.

११ ऑगस्ट
'कां द थियारॉय' (१९८८). अडीच तासांचा, तरी एकदाही थांबवला नाही.

फ्रान्ससाठी लढलेले, जर्मनांच्या कैदेतून सुटलेले आफ्रिकी शिपाई १९४४ च्या नोव्हेंबरात डाकारजवळच्या थियारॉय छावणीत येतात. मागणी साधी: थकलेला पगार द्या. चित्रपटात अधिकारी त्यांच्या फ्रेंच नोटा निम्म्या भावानं बदलून द्यायला निघतात. शिपाई जनरलला अडवून ठेवतात, त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून सोडतात, आणि रात्री रणगाडे येतात. १ डिसेंबरचं हे हत्याकांड प्रत्यक्षात घडलेलं आहे.

बुखेनवाल्डहून वाचा गमावून आलेला पेइस छावणीचं काटेरी कुंपण चाचपतो, त्या प्रसंगाला वर्गात कुणी हललं नाही. नाझी छावणी आणि वसाहतीची छावणी यांच्यातलं नातं मी व्याख्यानात अनेकदा मांडलं आहे. इतकं थेट कधी पोचलं नव्हतं. सेम्बेन स्वतः फ्रेंच सैन्यात होता. सेनेगल, अल्जीरिया आणि ट्युनिशियाच्या पैशावर त्यानं आणि थिएर्नो फाती सो यानं हा चित्रपट उभा केला. फ्रान्समध्ये तो वर्षानुवर्षं दाखवला गेला नाही.

१२ ऑगस्ट
एक विद्यार्थी म्हणाला, "पेइस काल्पनिक आहे, मग हा पुरावा कसा?" रास्त हरकत. मृतांचा आकडा चित्रपट ठरवू शकत नाही. फ्रेंच लष्करानं ३५ सांगितला, इतिहासकार खरा आकडा त्याहून खूप मोठा मानतात. पण जिथे कागद दडवले गेले, तिथे 'कागद कुठे आहेत?' हे विचारायला चित्रपटानंच लोकांना भाग पाडलं, असं माझं ठाम मत आहे. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी 'हत्याकांड' हा शब्द लेखी वापरायला २०२४ साल उजाडलं.

२० ऑगस्ट
'खाला' (१९७५). फ्रेंचांना चेंबर ऑफ कॉमर्समधून हुसकावून लावणारे नवे पुढारी, आणि लगोलग त्यांच्यापुढे ठेवलेल्या नोटांनी भरलेल्या ब्रीफकेसेस. मर्सिडीज बाटलीबंद पाण्यानं धुतली जाते. सेनेगलमध्ये हा चित्रपट कात्री लावूनच दाखवला गेला. सेम्बेनचं मोठेपण मला इथे दिसतं: साम्राज्याला जाब विचारणारा हा माणूस स्वकीयांनाही सोडत नाही.

गृहपाठ दिला: जुआना, पेइस आणि 'खाला'मधले भिकारी यांपैकी एकाची बाजू घ्या आणि पाठ्यपुस्तकातलं १९६० चं पान नव्यानं लिहा. सोमवारपर्यंत.