झिजलेल्या हाडाची ओळख

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या पश्चिम किनाऱ्यावरचे व्हेनिस हे गाव शार्कच्या जीवाश्म दातांसाठी प्रसिद्ध असले, तरी त्याच वाळूत हाडांचे काळे, गुळगुळीत तुकडेही सापडतात आणि जाणकाराची खरी कसोटी लागते ती या तुकड्यांपाशी. मायोसीन काळातील, म्हणजे सुमारे २.३ कोटी ते ५३ लाख वर्षांपूर्वीचे, सागरी अवशेष आणि हिमयुगातील घोडे-हत्तींचे अवशेष लाटांनी तेथे एकत्र कालवलेले असल्यामुळे, वस्तू कोणत्या थरातून निघाली हा नेहमीचा आधार मिळत नाही. रंगावरून वय ठरवण्याचा मोहही टाळावा लागतो, कारण काळेपणा येतो तो हाड ज्या गाळात पुरले गेले त्यातील खनिजांमुळे.

सांध्यांची टोके आणि स्नायू चिकटण्याच्या खरबरीत कडा, म्हणजे हाडाची ओळख पटवणाऱ्या खुणा, घासटून सर्वांत आधी जातात. म्हणून बाह्य आकारापेक्षा मोडलेला छेद अधिक विश्वसनीय ठरतो. जमिनीवरील सस्तन प्राण्याच्या पायाच्या हाडात जाड भिंत आणि मध्ये मज्जेची पोकळी दिसते, देवमाशाचे हाड बहुधा आतून जाळीदार असते, तर कासवाच्या कवचाच्या तुकड्यात दोन घट्ट थरांमध्ये सच्छिद्र भाग असतो. याउलट लंबगोल छेदाचा, पोकळी नसलेला, आकाराच्या मानाने हाताला जड लागणारा तुकडा बहुतेक वेळा ड्युगाँगच्या बरगडीचा निघतो. उथळ पाण्यात सागरी गवत चरणाऱ्या या प्राण्याला भरीव बरगड्या जहाजाच्या तळातील नीरमासारख्या उपयोगी पडतात. अटलांटिकमधून हा वंश नाहीसा झाला. भारतात मात्र कच्छचे आखात, पाल्कची सामुद्रधुनी आणि अंदमान येथे त्याचा आजचा वारसदार अजून तग धरून आहे.

तथापि फ्लोरिडात आजही राहणाऱ्या मॅनाटीच्या बरगड्याही अशाच भरीव असतात. त्यामुळे केवळ झिजलेल्या तुकड्यावर प्रजातीचे नाव लिहिणे हा उतावळेपणा होय, आणि ‘सायरेनिया गण, बरगडी’ (सायरेनिया म्हणजे ड्युगाँग व मॅनाटी यांचा गण) एवढ्यावर चिठ्ठी थांबवणेच योग्य. संग्राहकांना ही नोंद फिकी वाटते, पण तुकड्यात त्याहून अधिक काही शिल्लकच नसते. अपवाद देवमाशाच्या कानातील हाडांचा: ती इतकी घट्ट असतात की लाटांच्या घुसळणीतही त्यांचे उंचवटे व खाचा पुष्कळदा टिकतात आणि त्यांवरून कुळापर्यंत, क्वचित त्याही पुढे, जाता येते.