समुद्राची मळी

ज्या घरात दिवाळीचा पाक अजून घरीच होतो, तिथल्या माणसांना प्रोटीन स्किमर म्हणजे काय हे सांगायला फारसे कष्ट पडू नयेत. साखर विरघळून उकळी फुटली की गृहिणी पातेल्यात चमचाभर दूध सोडते. थोड्या वेळात कडेने करडा फेस धरतो, साखरेतली सारी मळी त्या फेसावर चढून वर येते, आणि ती झाऱ्याने अलगद उचलली की खाली नितळ पाक राहतो. गुऱ्हाळावर भेंडीचा चीक घालून गुळव्या हेच साधतो. खाऱ्या पाण्यातले मासे पाळणारे लोक हे काम यंत्राकडून करवून घेतात, एवढाच फरक. मात्र हा पाक रात्रंदिवस चुलीवर असतो, आणि मळी काढणाऱ्याला क्षणाची उसंत नसते!

हे यंत्र आमच्या घोडपदेवच्या खोलीत आले ते चिरंजीवांमुळे. चर्नी रोडचे तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली सुरू झाले. 2015 साली ते नव्याने उघडले, तेव्हा मी त्याला तिथे नेले होते. काचेच्या बोगद्यात डोक्यावरून मासे जाताना पाहून हा मुलगा जो गप्प झाला, तो घरी येईपर्यंत बोलला नाही. पुढे 2020 साली साथीच्या दिवसांत मत्स्यालयाचे दरवाजे बंद झाले. "बाबा, मग आपणच एक लहानसा समुद्र करू या की," असे त्याने एका संध्याकाळी म्हटले, तेव्हा मी दहावीचे निबंध तपासत होतो. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन आणि खाली लाकडी तक्तपोशी, एवढेच मी त्याला ऐकवले. त्याने टाकीची जागा भिंतीलगत, तुळईच्या टोकावर आधीच हेरून ठेवली होती.

गंमत पाहा. आमच्या घरापासून भाऊचा धक्का चालत जाण्याजोगा. पावसाळ्यात वारा फिरला की समुद्राचा वास थेट स्वयंपाकघरात येतो. पण बंदरातले ते तेलकट पाणी टाकीत घालण्याची सोय नाही. तेव्हा नळाचे पाणी गाळून घ्यायचे, आणि बाजारातून पिशवीतले समुद्री मीठ आणून लिटरला पस्तीस ग्रॅम या हिशेबाने त्यात मिसळायचे. समुद्राच्या शेजारी राहून आम्ही साडेतीन किलो मिठाचा समुद्र विकत घेतला! प्रवाळाचा विषय मात्र त्याने स्वतःच मिटवला. वन्यजीव कायद्याने 2001 पासून कठीण प्रवाळांना आणि समुद्रघोड्यांना वाघाच्या पंगतीत बसवले आहे. ते घरात ठेवणे गुन्हा आहे. म्हणून भाजक्या मातीचे सच्छिद्र दगड आले, आणि हॅचरीत जन्मलेले, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे मिरवणारे क्लाऊन माशांचे एक जोडपे.

आता या जोडप्याला जेवायला घालायचे म्हणजे घाण होणारच. उरलेले अन्न, विष्ठा, अंगावरचा बुळबुळीत स्राव हे सारे पाण्यात विरघळते, सडते, आणि मग त्याचा अमोनिया होतो. शेजारचे नाना एके काळी गिरणीत फिटर होते. 1982 च्या संपाने त्यांची गिरणी सुटली, पण यंत्राचा आवाज ऐकला की ते अजून उंबऱ्यात येऊन उभे राहतात. चिरंजीवांनी त्यांना सगळे नीट समजावले. पंपाला पात्यांच्या जागी काट्यांचे चक्र असते. ते हवा ओढून तिचा भुगा करते, आणि दुधासारखे पांढरे बुडबुडे नळीतून वर चढतात. प्रथिनांच्या रेणूचे एक टोक पाण्याला धरून असते, दुसरे पाण्यापासून पळू पाहते. पळणारे टोक बुडबुड्यात शिरते, आणि अशी घाण बुडबुड्याच्या पाठीवर बसून वरच्या वाटीत जाऊन पडते. गोड्या पाण्यात हे जमत नाही, कारण तिथे बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात. मीठ त्यांना बारीक आणि वेगळे राखते.

"म्हणजे मास्तर," नाना मला म्हणाले, "स्पंज घाण अडवतो, पण ती पाण्यातच राहते. हे यंत्र ती कुजायच्या आधी पाण्याबाहेर काढतं. बरोबर ना?" मी शाळेत इतकी वर्षे शिकवतो आहे, पण एवढ्या थोडक्यात मला सांगता आले नसते.

निवडीचा प्रश्न निघाला तेव्हा खोक्यांवरच्या आकड्यांनी आमचे डोळे फिरले. अमुक लिटरपर्यंत चालेल, असे प्रत्येक खोके छातीठोकपणे सांगते. पण त्या लिटरांत मासे किती आणि त्यांना खायला किती, हे सांगत नाही. मोठ्यात मोठे घ्यावे म्हटले, तर दोन माशांच्या उष्ट्यावर त्याचा फेसच धड उभा राहत नाही. शेवटी आमच्या सौभाग्यवतींनी निकाल दिला: "पातेलं खोलीच्या मापाचं घेतात का? जेवणाऱ्यांच्या मापाचं घेतात." त्याप्रमाणे मध्यम आकाराचे यंत्र ठरले. टाकीच्या पाठीवर टांगायच्या जातीला जागा कमी लागते. पण तिचे पाणी सांडले तर ते तक्तपोशीतून खालच्या बिऱ्हाडाच्या अंथरुणावर जायचे. म्हणून टाकीखालच्या लहान टाकीत उभे राहणारे यंत्र घेतले. सांडले तरी टाकीतच.

विजेचा हिशेब मी घाबरत घाबरत मांडला, पण तो सौम्य निघाला. बारा वॅटचा पंप चोवीस तास चालला तरी महिन्याला नऊ युनिटांच्या आत. खरा प्रश्न वीज जाण्याचा. 12 ऑक्टोबर 2020 च्या सकाळी साऱ्या मुंबईची वीज गेली होती, ते घरात कोणी विसरले नव्हते. थेट घरच्या विजेवर चालणारा पंप स्वस्त इन्व्हर्टरवर कण्हतो आणि तापतो. म्हणून अडॅप्टरवर चालणारा, वेग कमीजास्त करता येणारा डीसी पंप आला. एका खोलीत चौघे झोपतात, तेव्हा त्याचा हळू आवाजही मोलाचा. बारा व्होल्ट, सात अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे चौऱ्याऐंशी वॅट-तास. कागदावर सात तास, प्रत्यक्षात त्याहून कमी. "अंधारात आधी श्वास, मग झाडलोट," असे नाना म्हणाले. त्यामुळे वीज गेली की फेसाचे यंत्र बंद ठेवायचे आणि तीन वॅटचा हवेचा पंप बॅटरीवर लावायचा, असे ठरले. वीज आल्यावरही घाई नाही: वरचे पाणी खालच्या टाकीत उतरलेले असते, त्याची पातळी जागेवर येईपर्यंत यंत्र सुरू केले तर वाटीतली सारी मळी परत पाण्यात. आणि प्रत्येक वायरीला प्लगच्या खाली एक झोका सोडलेला, म्हणजे ओघळलेला खारा थेंब सॉकेटकडे न जाता जमिनीवर पडेल. गळती होताच वीज तोडणारा स्विचही नानांनी वायरमन बोलावून, समोर उभे राहून बसवून घेतला.

नवे यंत्र पहिले काही दिवस रुसले होते. मग एका सकाळी वाटीत चहाच्या चोथ्याच्या रंगाचे पाणी दिसले. वास असा की सौभाग्यवतींनी खिडकी उघडली. मी ती वाटी हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिलो. अंगठ्याएवढ्या दोन जिवांची चार दिवसांची मळी ती एवढी! समुद्रात लाटा फुटतात, फेस किनाऱ्यावर येऊन विरतो, आणि हे काम बिनबोभाट, बिनविजेचे चालते. आपण त्यातले शंभर लिटर वेगळे काढले, की लाटेचे, वाऱ्याचे आणि किनाऱ्याचे काम आपल्या गळ्यात पडते, आणि त्यातून एक दिवसही रजा मिळत नाही. आम्हा आठ कोटी मराठी माणसांची मळी जो सोसतो, त्याच्यासाठी मात्र कुणी वाटी धुताना दिसत नाही.

यंदा दिवाळीत चार दिवस गावी जायचे ठरले आहे. चिरंजीव जायला तयार नव्हते. अखेर खोलीची किल्ली नानांकडे द्यायचे ठरले. माशांना चिमूटभरच घाला, वाटी एक दिवसाआड धुवा, आणि वीज गेली तर काय करायचे ते सात कलमांत लिहून चिरंजीवांनी कागद भिंतीला डकवला. नानांनी तो चष्मा लावून सावकाश वाचला आणि खिशातल्या पेन्सिलीने खाली आठवे कलम लिहिले: "रात्री एकदा आवाज ऐकून जाणे."

चिरंजीवांनी त्याच दिवशी बॅग भरायला घेतली.