तिसऱ्या सिलिंडरचा रुसवा

तिघांच्या घरात एकाने अबोला धरला की सारे घर हलते. तीन सिलिंडरच्या गाडीचेही तसेच असते. १९८४ मध्ये रस्त्यावर आलेली आणि १९८८ पासून ‘ओम्नी’ या नावाने ओळखली गेलेली मारुती व्हॅन अशीच तीन सिलिंडरची, ७९६ सीसीची. इंजिन पुढच्या आसनांखाली. त्यामुळे त्याचा बिघडलेला ठोका चालवणाऱ्याला बसल्या जागी कळतो.

इंदूरच्या लोकमान्यनगरात राहणाऱ्या तिलाही तो कळला. २००८ सालचा जुलै महिना होता. १९९७ ची ती व्हॅन नवऱ्याने घेतलेली. तो गेल्यावर तिने स्वतः स्टिअरिंग हाती घेतले आणि सात मुलांना शाळेत पोचवण्याचे काम सुरू केले. दोघी मायलेकींचे घर त्यावरच चालत होते. पाऊस लागला आणि सकाळी गाडी सुरू केली की ती थरथरू लागली. एक्सलरेटर दाबावा तर धक्के खायची, ओढच नाही. एकदा तर ऐन रेल्वे फाटकावर ती अशी अडखळली की मागच्या मुलांचे बोलणेच थांबले. गाडी फाटक ओलांडून गेली, पण तिच्या पोटात गोळा आला तो गेला नाही.

गंमत अशी, की वीसेक मिनिटे चालली की गाडी शहाण्यासारखी वागे. मुलांना सोडून ती गॅरेजमध्ये जाई, तेव्हा दुखणे गायब! मेकॅनिकने दोन वेळा प्लग साफ केले. तिसऱ्या वेळी म्हणाला, ‘‘भाभीजी, गाडी पुरानी हो गई. कार्बोरेटर बदलना पडेगा, शायद इंजिन भी खोलना पडेगा.’’ खर्च सांगितला चौदा हजार. दीर म्हणाले, ‘‘वहिनी, विकून टाका. दादा असता तर त्यानेही हेच केले असते.’’

विकले तर उद्या काय, हा प्रश्न होता. आणि न विकता असेच रेटले तर? दुखणे दहा-वीस मिनिटांचेच, पालकांना कळलेही नसते. पण फाटक त्याच वीस मिनिटांत येत होते. त्या संध्याकाळी तिने सातही घरी जाऊन सांगितले, ‘‘गाडीत दोष आहे. सापडेपर्यंत मुलांना मी रिक्षाने पाठवीन, पैसे माझे.’’ एका घराने लगेच दुसरी व्हॅन पाहिली. बाकीचे थांबले.

मग ती शेजारच्या काकांकडे गेली. काका रेल्वेच्या डिझेल शेडमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले, तिच्या सासऱ्यांचे मित्र. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि पहिला प्रश्न विचारला, ‘‘सूनबाई, दुखणे पहाटे होते ना? मग वैद्याने दुपारी नाडी पाहून कसे चालेल?’’

‘‘पण काका, तुमची इंजिने डिझेलची.’’

‘‘डिझेलला प्लग नसतो, खरे आहे. पण आजारी सिलिंडर शोधायची रीत तीच. एकेकाला गप्प बसवायचे आणि बाकीच्यांचे ऐकायचे.’’

दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता, झिमझिम पावसात, व्हॅन अंगणात उघड्यावर उभी केली. हँडब्रेक ओढला, गिअर न्यूट्रलमध्ये. आसन उचलून मुलगी बॅटरी धरून उभी राहिली. इंजिन बंद ठेवून काकांनी पहिल्या सिलिंडरच्या प्लगची वायर काढली, तिच्या टोकाला एक जादा प्लग बसवून तो इंजिनच्या धातूला टेकवून ठेवला, म्हणजे ठिणगीला वाट राहावी. मग गाडी सुरू केली. इंजिन बंदच पडायला आले. दुसऱ्या सिलिंडरचेही तेच. तिसऱ्याची वायर काढली, तर काहीच फरक नाही! जो आधीच काम करीत नव्हता, त्याला गप्प बसवून काय फरक पडणार?

‘‘म्हणजे कार्बोरेटर नाही,’’ मुलगी म्हणाली. ती अकरावीत होती.

‘‘शाबास! का ते सांग.’’

‘‘कार्बोरेटर तिघांना एकच. तो बिघडला तर एकटा तिसराच कसा रुसेल?’’

आता तिसऱ्यातच काय बिघडले, ते पाहायचे होते. पहिल्याचा आणि तिसऱ्याचा प्लग अदलाबदल केला. रुसवा प्लगबरोबर पहिल्याकडे गेला असता, तर दोष प्लगचा. तो तिसऱ्याकडेच राहिला. व्हॉल्व्ह किंवा रिंग खराब असती, तर पावसाची वाट पाहत तो दोष थांबला नसता. उन्हातही सहसा दिसला असता. उरली वायर, आणि ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर.

काका म्हणाले, ‘‘पोरी, बॅटरी विझव.’’

अंधार झाला. आणि तिघांनाही ते दिसले. तिसऱ्या वायरीच्या मधोमध एक बारीक निळी ठिणगी टिकटिक करीत इंजिनच्या धातूवर उडी मारीत होती. बॅटरीच्या बारा व्होल्टचे कॉइलमध्ये हजारो व्होल्ट होतात, ते प्लगच्या फटीत ठिणगी पडावी म्हणून. पण विजेला सोपी वाट मिळाली की ती लांबच्या वाटेने जात नाही. वायर एका पट्टीला घासून तिच्या रबरी आवरणाला केसाएवढी चीर पडली होती. पावसाळी पहाटे त्या चिरेत ओल धरायची आणि वीज तिथूनच निसटायची. इंजिन तापले की ओल वाळायची, गाडी शहाणी व्हायची आणि गॅरेजमध्ये काहीच सापडायचे नाही.

वायरींचा पूर्ण संच चारशे रुपयांच्या आत आला. नव्या वायरी पट्टीला घासणार नाहीत अशा बांधल्या. डिस्ट्रिब्युटरचे झाकण पुसून आतून तडा नाही ना, हेही पाहिले. तरी तिने लगेच मुले बसवली नाहीत. आणखी दोन पावसाळी पहाटे रिकामी व्हॅन फाटकापर्यंत नेऊन आणली. तिसऱ्या दिवशी सहा मुले गाडीत बसली. सातवे पंधरा दिवसांनी परत आले. त्याच्या आईने दारातच सांगितले, ‘‘तुम्ही स्वतःहून सांगायला आलात, ते विसरता येईना.’’

मेकॅनिकवर ती रागावली नाही. त्याने जे पाहिले नाही, ते त्याला कसे कळावे? पण तेव्हापासून तिने एक वही केली. गाडी कुरकुरली की कधी, किती वेळ, थंड असताना की गरम झाल्यावर, पावसात की उन्हात, एवढे लिहायचे. त्या मेकॅनिकलाही मग वही आधी वाचण्याची सवय लागली.

चार वर्षांनी, २०१२ मध्ये, खालचा पत्रा गंजत चालला तेव्हा तिने व्हॅन विकली. या वेळी कुणी सुचवावे लागले नाही. घेणाऱ्याला तिने गंज कुठे आहे, ते वाकून दाखवले आणि किल्लीबरोबर वहीही त्याच्या हातात ठेवली.